नाकवाला ट्रक

मलकापूर, १२ नोव्हेंबर २००६

टेबलावरचं हे छोटं मलकापूर स्टेशन, मालधक्का, सायकलच्या तारांचे सिग्नल, कापसाच्या इवल्या गाठी, सगळं माझ्या हातचं. ट्रक तेवढा मिळत नव्हता. माझं स्टेशन अडुसष्ट सालचं. तेव्हा ट्रकला पुढे लांब नाक असायचं. आज भंगारवाल्या रफिकभाईच्या पोत्यात सापडला, बोटाएवढा, नाकासकट! धक्क्याला लावला तर मापात अगदी बरोबर.

"एवढ्याशा खेळण्यासाठी काऊन नाचून राह्यला बे?" रफिकभाई हसला. खेळणं म्हणे!

संध्याकाळी बियाण्याच्या दुकानाचे शेठ आले. दुकानात मांडायला अख्खं स्टेशनच मागितलं.

"फक्त नाकवाला काढा, आजचा ट्रक ठेवा. वर आमच्या बीटी कापूस-बियाण्याची पाटी."

"अडुसष्टात बीटी?"

"लोकायले काय समजते?"

"मले समजते ना!"

वीस हजार देत होते. नाही म्हटलं.