दारामागचे गठ्ठे

१४ मार्च, गुरुवार

प्रिय चिमे,

घरी सगळे मजेत असतील असं धरून चालतो. माझं ठीक. गुडघा कुरकुरतो, वयाला शोभेल इतपत. पत्र उभ्यानेच लिहितोय, कारण खुर्चीवर आधीच बरंच काही बसलंय.

काल इतक्या दिवसांनी तुझा फोन आला, रविवारी येते म्हणालीस, आणि मी सांगितलं, जिन्याला रंग चाललाय. रंगबिंग काही नाही. फोन ठेवल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

मागे मी दवाखान्यात असताना तू आणि जावईबापूंनी भंगारवाला बोलावून घर लख्ख केलंत. मी घरी आल्यावर त्याच्याकडे जाऊन माझेच रेडिओ विकत आणले, वर त्याचेही दोन. तू अबोला धरलास. मीही काही कमी नाही.

रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला. जुनं बटण टाकलं की नेमकं तेच लागायचं. दुकान बंद झालं, पण आता रिकाम्या बरण्याही टाकवत नाहीत गं. उचलली की छाती धडधडते.

गुडघा वयाने दुखत नाही. गेल्या महिन्यात दारामागच्या रद्दीच्या गठ्ठ्यांत पाय अडकून पडलो. शेजारच्या मास्तरीणबाई दार ढकलत होत्या, ते वीतभरच उघडलं. "काका, लागलंय का? माणसं बोलावू?" जमिनीवरूनच म्हणालो, "नको, वाचत पडलोय." लोक आत येऊन घर बघतील, याचीच भीती जास्त होती. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून आज लिहितोय.

आता दवाखान्यातल्या समुपदेशक बाई घरी येतात. नाक मुरडत नाहीत, विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही. आधी राग आला, मग रडू आलं. परवा रेडिओचा एक तुटका खटका टाकला आणि दिवसभर कचऱ्याच्या टोपलीभोवती घिरट्या घातल्या. परत काढला मात्र नाही.

बाईंनी विचारलं, घरचं कुणी सोबत बसेल का? म्हटलं, एक लेक आहे, पण रुसलीय.

रविवारी ये. झाडू आणू नकोस, जावईबापूंना आणू नकोस. नुसती शेजारी बस. टाकलेलं मी परत उचललं तर ओरडू नकोस. दारामागचे गठ्ठे बाईंनी आणि मी मिळून हलवलेत. दार पुरतं उघडतं, सकाळपासून उघडून बघतोय.

आतून कडी लावणार नाही.

तुझी वाट बघणारा,
दादा