शंकासुराची साक्ष

मी, वेधशाळेतून निवृत्त झालेली खगोलशास्त्रज्ञ, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझे मन आज शाबूत आहे. उद्याचे काय, ते डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. मी तिला ओळखेनाशी झाले, तर तिने मला खुशाल शुश्रूषागृहात ठेवावे. "ताई, डोकं खाऊ नकोस," असे ती म्हणाली. तरी कलम राहील.

२. बँकेतील ठेवी भाचीला. लग्नाबद्दल आता विचारणार नाही. आजवर पुष्कळ विचारले.

३. माझे सर्व वेध, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांच्या नोंदी. एका दीर्घिकेच्या मध्याचा उजेड कमी-जास्त होतो. तिथल्या कृष्णविवरात पडणारा वायू कमी-जास्त होतो म्हणून, असे मी म्हणते. मध्ये धूळ येते म्हणून, असे माझे एक सहकारी म्हणतात. माझ्या प्रत्येक भाषणात ते हात वर करतात. त्यांना शंकासुर हे नाव मीच ठेवले.

गेल्या महिन्यातल्या भाषणात मला 'कृष्णविवर' हा शब्दच आठवेना. ज्याच्यावर जन्म काढला, तोच. पडद्याकडे बोट करून मी "ते... मधलं ते..." म्हणत राहिले. विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. मग शंकासुर उठले.

"मॅडम, कृष्णविवरात पडणारा वायू वाढला की उजेड वाढतो, असं तुम्ही म्हणताय. मला नाही पटत."

"तुम्हाला आजवर काय पटलंय?" मी फाडकन म्हणाले. सभागृह हसले. रागाच्या भरात उरलेले भाषण घडाघडा झाले.

भाची ऐकायला आली होती. घरी म्हणाली, "मावशी, त्यांनी तुला शब्द आठवून दिला गं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विसरल्याची लाज होतीच. ज्याने सावरले त्याच्यावरच लोकांना हसवले, ही त्याहून मोठी.

म्हणून वेध त्यांना द्यायचे ठरवले. साक्षीलाही त्यांनाच बोलावले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. मग काय करू, असे मी शंकासुरांनाच विचारले.

"वेध वेधशाळेला द्या, सगळे वापरतील. मी सही करतो."

त्याप्रमाणे वेध वेधशाळेला. त्यांच्याकडे मान वर करून पाहवले नाही. माफी इथेच मागते.

ठिकाण: माझ्या घरची जेवणाची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपार
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २, स्वहस्ते: बाईंनी माझ्यासमोर वाचून सही केली. धुळीबद्दल त्यांचे अजूनही चुकते. मन शाबूत असल्याबद्दल मला शंका नाही. (सही)