तळ्याची ओटी

१४ ऑगस्ट
...हे फौजेत होते तेव्हाची, रजेवर आलेले त्यातली एक सकाळ. मी धार काढून आले, शेण भरलं, भाकरी थापायला बसले. हे चुलीपुढं हात शेकत. "हिमाचलात आमच्या चौकीच्या वर एक तळं हाय. उन्हाळ्यातबी काठाला बर्फ. त्याची ओटी अजून कुणी भरली नसंल बघ." मी म्हटलं, "मग न्या की मला." "नेतो की." बोलण्यात भाकरी करपली. तीच खाल्ली त्यांनी.
पेन्शनीवर आल्यावर ऊस, मग घराचं काम, मग दवाखाना. राहिलं.
काल शिरवळहून लेकीचा, शुभाचा फोन. तिनं हिमाचलची तिकिटं काढली. दोघींची. एक रात्र तंबूत, खालच्या तळ्याशी. सकाळी खडकाचं टोक चढून पलीकडं वरचं तळं.

२९ ऑगस्ट
पिशवी भरली. थोरल्या जाऊबाईंनी खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू बांधून दिलं. "ओटी शुभीच्या हातनं भर. तू बाजूला थांब." व्हय म्हटलं.
हे गेल्यापासून कुणाची ओटी भरली नाही. कृष्णामाईचीसुद्धा. जाऊबाई मनानं वाईट नाहीत. तेव्हा मला रोज समोर बसून जेवायला लावायच्या. पण ही गोष्ट त्यांच्यापुढं काढता येत नाही.

३ सप्टेंबर, खालचं तळं
दिवसभर चाल. बरोबर पुण्याची काही पोरंपोरी. पायात शुभाचे बूट, आत दोन मोजे. झाडं संपली, मग नुसतं गवत, दगड, मेंढ्या. वाटाड्या प्रेमभाई, केस पिकलेले. सारखं माताजी, माताजी. शेवटी म्हटलं, "भाईसाब, मैं तुमसे छोटी होगी." हसले. मग दीदी म्हणायला लागले.
लांबून तळं आमच्या विहिरीएवढं वाटलं. जवळ आलो तर दुसरा काठ नीट दिसेना. पाणी हिरवं. बर्फ नाही. म्हणजे यांचं ते वरचंच असणार. विचारायला आता...
शुभाचं डोकं दुखतंय. जेवली नाही. विरळ हवेनं होतं म्हणे.

४ सप्टेंबर
सकाळी शुभाला उलट्या. प्रेमभाईंनी तिला वर यायला साफ मना केलं. त्यांचा जोडीदार तिच्याजवळ थांबला.
"आई, तू जा. तूच भर."
"तुझ्या काकीला काय सांगू?"
"मी भरली म्हणून सांग."
"खोटं न्हाई बोलायचं."
"मग खरं सांग."
गेले.
शेवटचा टप्पा नुसता खडक. हातांनी धरून चढायचं. प्रेमभाई म्हणाले, खाली बघू नका. बघितलं. जरा वेळ खडकाला धरून तशीच राहिले. मग त्यांनी वरून काठी दिली. शुभाची विजार घातली होती म्हणून जमलं, साडीत जमलं नसतं.
टोकावर वारा, बोलणं ऐकू येईना. पलीकडं उतारावर तळं. काठाला बर्फ. हे सांगायचे तसंच. बराच वेळ बसले.
पाण्यात काही टाकायचं नाही असा नियम. काठाच्या दगडावर खण अंथरला, तांदूळ, नारळ ठेवला. कुंकू नारळाला लावलं. नारळ उचलून पाण्याला टेकवला. बरोबरची एक पुण्याची मुलगी म्हणाली, "काकू, काय म्हणायचं असतं?" म्हटलं, "भरलेलं राहा म्हणायचं." तीही म्हणाली.
नारळ फोडून सगळ्यांना दिला. खण, तांदूळ परत पिशवीत. खाली आले तर शुभा चहा पीत होती.

९ सप्टेंबर, घरी
जाऊबाई घेवडा मोडत होत्या. "शुभीनं नीट भरली न्हवं?"
"शुभा आजारी पडली. मी भरली."
मोडत राहिल्या. शेंगा संपल्यावर म्हणाल्या, "दमली आसशील. पड जा." एवढंच.
शेजारच्या सुनेचं उद्या डोहाळजेवण. बोलावणं दोघींना. अशा घरी मी आत पुऱ्या लाटायला बसते, ओट्या भरून होईपर्यंत. कुणी सांगत नाही, मीच जाते.

१० सप्टेंबर
डोहाळजेवणाला गेले. आत गेले नाही. पुढच्या खोलीत, बायकांत, जाऊबाईंशेजारी बसले.