आईचे अडकणारे हात

५ मार्च
आज पुन्हा तेच. आई काहीतरी सांगत होती आणि तिची बोटं हवेतच थांबली. मी खूण केली – परत सांग. तिने परत सांगितलं, परत अडकलं. शेवटी हात मांडीवर ठेवून ती नुसती हसली.

आई जन्मापासून बहिरी. लिहिणं-वाचणं जेमतेम. आमच्या घरात बोलणं म्हणजे हात. ती गावी, मी इथे शहरात; फोनच्या व्हिडिओवर चित्र थांबलं, की आई मुकी होते.

९ मार्च
नेटच्या कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. ज्यांचा कंपनीशी करार आहे त्यांचे व्हिडिओ वेगात जातात, बाकीचे मागून. म्हणजे सिनेमे, मालिका पुढे. आईचे हात मागे.

"मग दुसरी कंपनी घ्या ना, मॅडम."

आईच्या गावात दुसरी कंपनीच नाही, बाई.

१० मार्च
धाकटा भाऊ जेवायला आला होता. तो त्याच कंपनीत आहे. नवी वायर कुठल्या गावाला न्यायची, हे त्याचं खातं ठरवतं. विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. काढलाच.

"ताई, आईच्या गावात वायर आणली कोणी? आधी किती वर्षं नुसती वाट बघत होतो आपण?"

"वायर आणली म्हणून तिच्यातून काय आधी जावं तेही तुम्हीच ठरवणार?"

"पैसा सुटला नाही तर पुढच्या गावाला कोण जाईल? सगळ्यांना एकच वेग असा नियम करू म्हणणारे जाणार आहेत खांब रोवायला?"

तो अर्ध्या ताटावरून उठला. आईशी त्याचंही बोलणं असंच तुटतं. तो बोलून दाखवत नाही, इतकंच.

२ एप्रिल
त्या एकाच वेगाच्या नियमावर सरकारच्या नियामक मंडळाची सुनावणी. चष्म्याच्या दुकानातून अर्धी रजा टाकून गेले. कंपनीचे वकील छान बोलले. बाजार मोकळा ठेवा, गिऱ्हाईक नाराज झालं तर आपोआप दुसरीकडे जातं – वगैरे.

मग माझं नाव पुकारलं. पाठ करून नेलेलं सगळं विसरले. माइक बाजूला केला, हातांनी एक वाक्य सुरू केलं आणि मध्येच थांबले. तशीच उभी राहिले. मग विचारलं, "काय म्हणाले मी?" वकिलांनी कागदांत डोकं घातलं.

धाकटा कंपनीच्या माणसांत बसला होता. बाहेर पायऱ्यांवर गाठलं त्याने.

"'आई, तू जेवलीस का' – एवढंच होतं ना?"

मी मान हलवली.

१८ मे
आई हल्ली कमीच बोलते. कंटाळली असेल. एक वाक्य किती वेळा सांगायचं माणसाने? मी येऊन जाते म्हटलं, तर हातानेच झटकून टाकलं. नेट सुधारलं की बोलूच, कशाला एवढा प्रवास – असं काहीसं. नीट दिसलं नाही.

२० मे
कॉल लागला नाही.

३ जुलै
निकाल आला. यापुढे सगळ्यांचे व्हिडिओ एकाच वेगाने न्यायचे, कुणाला पुढे-मागे करायचं नाही. दुकानात सगळ्यांना सांगत सुटले.

दुपारी धाकट्याचा निरोप – "जिंकलीस ताई." त्याच्याखाली आणखी एक ओळ. आईच्या गावापुढे डोंगरात जी वायर जायची होती, ती कंपनीने रद्द केली.

तिकडेही कुणाची तरी आई असणारच. आनंद होता होता राहिला. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण माझंही खोटं नव्हतं ना?

११ जुलै
आज चित्र अगदी स्वच्छ. आईच्या पाठीमागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता, एकदाही अडकला नाही. तिच्या पापण्या लवताना दिसल्या. फक्त उजव्या हाताची बोटं तेवढी अर्ध्या शब्दात थांबत होती.