सातवी बांधी

सिहोरा,
८ सप्टेंबर १९८५

चि. खेमराज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. चाचणीचे पेपर तपासायचे होते हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

गेल्या दिवाळीत तू चौकटीच्या वहीत आपला तलाव आणि त्याखालच्या धानाच्या सात बांध्या काढल्यास आणि पाणी वाटण्याचा व्हिडिओ गेम करतो म्हणालास, तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. आता तुझ्या पुण्याच्या मालकांनी तुला दहा महिने त्याच कामावर बसवलं आहे, म्हणजे हसायची सोय राहिली नाही. खेळणाऱ्याने पाणकर व्हायचं, तलावाचं दार उघडायचं आणि पाळीपाळीने साती बांध्या भिजवायच्या, हे मी बाबांना समजावलं. ते म्हणाले, जन्मभर मीनं हेच केलं, पण कोणी खेळ म्हटलं नाही, शिव्याच देल्या.

बहात्तरच्या दुष्काळात बाबांनी साती बांध्या कशा वाचवल्या, असं तू विचारलंस. मी विचारलं. त्या पोट्ट्याच्या डब्याले चिखल ठाऊक आहे काय, असं म्हणून ते ताटावरून उठले. पुन्हा विचारायचा धीर होत नाही. दुसरं काही विचार.

लोभ असू दे. राग आला तर तोही चालेल.

तुझी ताई,
निर्मला

पुणे,
१४ सप्टेंबर १९८५

ती. निर्मलाताईस खेमराजचा सा. न. वि. वि.

दुसरं काही विचारण्यासारखं नाही. सगळं तिथेच अडलं आहे.

टीव्हीवर बांध्यांचे हिरवे चौकोन दिसतात. पाणी चुकलं की पिवळे पडतात. रोवणीचा टप्पा सगळे पार करतात, निंदणाचाही. ऑफिसातल्या सुमित्राबाईंना तर चहाची आठवण राहत नाही. पण शेवटचा टप्पा बहात्तर सालचा, धान निसवून लोंब्या धरायच्या वेळचा. तू पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे तलावात पाणी सहाच बांध्यांपुरतं आहे. मी हरून हरून थकलो. मग कॉम्प्युटरलाच सगळे क्रम लावून बघायला सांगितलं. सात बांध्यांचे पाच हजार चाळीस क्रम होतात. एकातही साती हिरव्या राहत नाहीत.

मालक म्हणतात, जो जिंकताच येत नाही तो खेळ कोण घेणार? खेळ टेपच्या कॅसेटवर भरून विकतात; एक तारखेला मूळ कॅसेट नकला काढायला गेली पाहिजे. नाही गेली तर हे काम बंद, आणि मीही घरी. एक आकडा गुपचूप वाढवला की प्रश्न मिटतो. पण वेष्टनावर ‘पाणकर कृष्णराव’ असं बाबांचं नाव छापून आलंय. बाबांनी खरोखर जे केलं तेच मला त्यात हवं आहे.

आकडे तुझे आहेत, ताई. पाढे चुकले म्हणून माझे कान लांब करणारी तू. मग आता काहून गप्प आहेस?

उत्तराने लोभ दाखव.

तुझा,
खेमराज

सिहोरा,
२० सप्टेंबर १९८५

चि. खेमराज यास आशीर्वाद.

पाणी वाढवू नकोस. आकडे बरोबर आहेत.

सातवी बांधी वाचली नाही. ती शेवटची, चंद्रभागाबाईंची. तू तेव्हा नागपूरला होतास. तिची पाळी आली त्या दिवशी बाबांनी मला तिच्याकडे पाठवलं, परवा पाणी सोडतो म्हणून सांग. मी सांगितलं. तिने मला गूळ-पाणी दिलं.

मला काही माहीत नव्हतं, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्याच सकाळी मी तलावावर गेले होते. तळाचा गाळ उघडा पडलेला मी पाहिला होता. अठ्ठावीस वर्षांची, बी. ए. झालेली बाई होते मी, लहान मूल नव्हते. खरं सांगितलं असतं तर नाल्यातल्या डोहातून चार माणसं लावून तिने पाणी आणलं असतं, अर्धी बांधी तरी हाती आली असती. ती आठ दिवस बांधावर बसून राहिली. त्या वर्षी ती चिखला गावी खाणीवर मजुरीला गेली. सहा घरांत धान आलं होतं, त्यामुळे साती वाचल्या म्हणायला कोणाची जीभ अडखळली नाही.

काल बाबांना सांगितलं की मी खेमराजला लिहिणार आहे. ते म्हणाले, कोणाची तरी सुकणारच होती. मी म्हटलं, सुकली त्याचं नाही, सांगितलं नाही त्याचं बोलते. ते विडी शोधत राहिले. विडी कानावरच होती.

यातलं काय घ्यायचं ते तू ठरव. उरला असेल तेवढाच लोभ ठेव.

निर्मला

पुणे,
३० ऑक्टोबर १९८५

ती. ताईस सा. न. वि. वि.

कॅसेट निघाली. पहिल्या शंभर नकला इथल्या एका प्रदर्शनात मांडल्या आहेत. एक सोबत पाठवतो; ती कॉम्प्युटरवरच चालते, साध्या टेपवर नुसती किंचाळते.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मग शेवटचा टप्पा मोडून नव्याने लिहिला. आता खेळणाऱ्याने स्वतःच ठरवायचं, कोणती बांधी सोडायची. पण तलावाचं दार बंद करण्याआधी पाणकराला चालत त्या बांधीच्या मालकाच्या घरी जावं लागतं आणि सांगावं लागतं. वेळेत सांगितलं तर तो डोहाकडे धावतो, अर्धी बांधी वाचते. हीच जिंकण्याची वाट, दुसरी नाही. आमचे मालक खेळले, त्या घराच्या दाराशी जाऊन दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा बटण दाबलं. मग म्हणाले, पाठवा नकला काढायला.

चंद्रभागाबाईंचं नाव कुठे घातलेलं नाही. बाबांचं आहे तसंच ठेवलं. ऐकल्यावर तो बांधीचा मालक काय बोलतो, ते मात्र मला लिहिता आलं नाही. तिथे पडदा नुसता काळा आहे.

माझा लोभ मोजायला बसू नकोस.

खेमराज

सिहोरा,
७ नोव्हेंबर १९८५

चि. खेमराज यास अनेक आशीर्वाद.

कॅसेट पोचली. बाबांनी हट्टाने शेजारच्या धनीरामच्या टेपवर लावली. ती अशी किंचाळली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. बाबा म्हणाले, हे कायले बोंबलून राहिलं? माझंच नाव घेऊन?

मग मी त्यांना शेवटचा टप्पा सांगितला. ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, तो मालक आयकून काय म्हणते? मी म्हटलं, खेमराजला ठाऊक नाही, चंद्रभागाबाईंकडे जाऊनच कळेल. ते म्हणाले, त्याले कसं ठाऊक रायन. मी येतो तुयासंगं. चपला घातल्या, दारापर्यंत आले आणि खांबाला धरून थांबले. आज नाही, म्हणाले. मीही आत वळले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

चंद्रभागाबाई रोज सकाळी विहिरीवर मला बाई म्हणून हाक मारते, शाळेची चौकशी करते. तुझा खेळ घेणारी अनोळखी माणसं ते दार वाजवतील, आणि मी ते वाजवलेलं नाही.

बाबा आले तर त्यांच्यासह, नाहीतर एकटी जाईन. आमच्यावर लोभ ठेव, आम्हाला तो लागणार आहे.

तुझी,
निर्मलाताई

(निर्मलाच्या वहीतून) उद्या: शाळेआधी चंद्रभागाबाईंकडे जाणे.