भिंतीपलीकडची मोकळी हवा

६ जानेवारी १९५८
आज नगरपालिकेच्या बाजार कमिटीचा चेअरमन झालो. दुसरे कोणी उभेच राहिले नाही. लोकांचा माझ्यावर केवढा विश्वास! मुंबईत सेक्रेटरिएटमध्ये हेडक्लार्की केलेल्या माणसाला पनवेलचा बाजार म्हणजे काय?

लगेच बाजार पाहून आलो. शी! चिखल, खवले, कुत्री आणि त्यातच मेथीच्या जुड्या. धोतराला काय लागले ते बघायचे धैर्य झाले नाही.

संकल्प: पावसाळ्याच्या आत नवी मंडई. सिमेंटचे ओटे, पत्र्याचे छप्पर, लोखंडी गेट. आणि घरात मासळी बंद. सुरुवात स्वतःपासून हवी.

सौ.ने बोंबील तळले होते. संकल्प उद्यापासून.

१९ जानेवारी, सकाळ
प्लॅन स्वतः काढला. दाढी करताना वाक्य सुचले: ‘सर्वांना सामावून घेणारी मंडई.’ उत्तम. स्पीचमध्ये घालावे.

कातकरणींचाही विचार केला आहे. त्या रानभाजी, मोळ्या, चिंबोऱ्या घेऊन येतात, जमिनीवर फतकल मारतात, अंगावर पोर. आत ते बरे दिसणार नाही. म्हणून मागची भिंत आणि गटार यांच्यामधली जागा खास त्यांना. मोकळी हवा. त्यांना सवय आहे.

सौ.ला दाखवला. ती म्हणाली, तुम्ही बसाल का तिथे तासभर? बायकांना प्लॅनिंग कळत नाही.

२० जानेवारी
मीटिंग. काशिराम आडवा आला. हा आगऱ्यांच्या वॉर्डातला मेंबर, मिठागरवाला; पान खाऊन बोलतो, समोरच्याला मागे सरकावे लागते. म्हणाला, पावसात त्या बायांनी काय करायचं? मी सांगितले, रानातली माणसे आहेत, त्यांना पाऊस नवा नाही. तो म्हणाला, मासळी बी पान्यातलीच हाय साहेब, तिला कशाला पत्रा?

सगळे हसले. हलकट विनोद. ठराव मात्र पास झाला. अध्यक्षांना जेवायला जायची घाई होती.

९ फेब्रुवारी, रविवार
जनमत घ्यायला बाजारात गेलो. नाकाला रुमाल. मालू कोळंबी विकते, आवाज भोंग्यासारखा. तिच्या शेजारी शुक्री कातकरीण, मांडीवर तान्ही मुलगी. दोघींना योजना समजावली.

मालू म्हणाली, “शुक्री माज्या बाजूलाच बसनार. ती गिऱ्हाईक बघते तवा तिची पोर मी बघते, मी घरी गेले की माजी टोपली ती बघते. मधी भिंत कशाला?”

मी सांगितले, हायजीनसाठी. तिने हायजीन कोण म्हणून विचारले. शुक्री काहीच बोलली नाही. म्हणजे संमती.

वळताना मासळीच्या आतड्यावर पाय घसरला. मालूने दंड धरून सावरले. तीनदा साबण लावला, वास जात नाही. एकंदरीत जनमत अनुकूल.

११ मे, रविवार
उद्घाटन! प्रांतसाहेब आले. मंडई नुसती चकचकीत. माझे स्पीच लांबले, पण साहेबांनी मधूनमधून डोळे मिटून ऐकले. ‘सर्वांना सामावून घेणारी’ या वाक्याला भिंतीपलीकडून कोणीतरी खो-खो हसले. मालूचा आवाज वाटला. प्रांतसाहेबांना मी सांगितले, आनंदाने हसताहेत.

१३ मे
विचित्र प्रकार. मालू टोपली उचलून भिंतीपलीकडे शुक्रीशेजारी जाऊन बसली.

१५ मे
तिच्यामागोमाग सगळ्या मासळीवाल्या गेल्या. त्यांच्यामागून गिऱ्हाईक. गिऱ्हाइकामागून भाजीवाल्या. सगळा बाजार गटाराच्या काठी! आत ओट्यांवर कुत्री झोपली आहेत. सिमेंट थंड असते म्हणे.

हा काशिरामचा कट आहे. त्याला तसे तोंडावर विचारले. म्हणाला, आमच्या बाया माझं ऐकत असत्या तर मी अध्यक्ष झालो असतो.

१६ मे
स्वतः जाऊन शुक्रीला दम दिला, की या सगळ्यांना आत पाठव. ती म्हणाली, “सायेब, आमाला तुमी हितं बसवलं, आमी हितं बसलू. त्याच आल्या. आमी कुनाला हाकलू?”

उर्मट. तापलेल्या गटाराच्या वासाने डोके दुखत होते.

संकल्प: आपल्या घरचा बाजार फक्त मंडईच्या आतून.

२२ मे
आत एकटा गणू भाजीवाला उरला आहे. त्याच्याकडे फक्त दुधी. तत्त्वासाठी दुधी खाणे कठीण नाही.

२७ मे
दुधी.

३० मे
दुधीची किळस आली. घरात शिरलो तर चिंबोरीच्या कालवणाचा वास. सौ. म्हणाली, तत्त्व तुमचं, जेवण माझं. मी भिंतीपलीकडूनच आणणार. फार संताप आला. अन्न टाकू नये म्हणून जेवलो. दोनदा वाढून घेतले, उरले असते तर नासले असते.

२ जुलै
आठवडाभर कोसळतो आहे. गटार जमिनीवर आले. बायका इरली डोक्यावर घेऊन घोट्याएवढ्या घाणीत बसतात. मंडई आत कोरडी ठणठणीत. निदान माझे छप्पर गळत नाही हे सिद्ध झाले. आत या म्हणून निरोप धाडला. मालूने उलट निरोप दिला, शुक्री येनार असंल तर येतू. नियम म्हणजे नियम. अशाने उद्या कोणीही आत येईल.

५ जुलै, दुपार
घरी आलो तर ओटीवर शुक्री. तिची मुलगी तापाने फणफणलेली, माझ्या काश्मिरी शालीत गुंडाळलेली. सौ.ने बाजारातून उचलून आणली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले छाती भरली आहे, पावसात पुन्हा बसवाल तर हाती लागणार नाही. घरभर धुराचा आणि ओल्या लुगड्याचा वास. माझी चहाची वेळ गेली, कोणाच्या लक्षात नाही.

पोर इतके लहान आहे की शालीत असून नसल्यासारखे. खोकला मात्र मोठा.

सौ. म्हणाली, ती भिंत पाडा. मी म्हटले, भिंत उत्तम बांधली आहे. त्यावर ती काही बोलली नाही. हल्ली ती बोलत नाही तेव्हा मला संमती वाटेनाशी झाली आहे.

७ जुलै, सोमवार
पोरीचा ताप उतरला. तिला धरून सौ. सकाळपासून हसते आहे. माझ्याशी नाही.

दुपारी मीटिंग. काशिरामचा ठराव: मागची भिंत पाडावी, कातकरणींना आत ओटे द्यावेत. मी विरोधाचे जोरदार स्पीच तयार करून गेलो होतो. शाळेत असल्यासारखा बोलायला हात वर केला. नेमके त्याच वेळी अध्यक्षांनी मत विचारले होते. सगळ्यांचे हात वर. माझाही. ‘ठराव एकमताने मंजूर.’ काशिरामने पानाच्या तोंडानेच ‘शाब्बास’ म्हणत माझी पाठ थोपटली. कोटावर डाग.

घरी सौ.ला कळले होते. तिने कधी नव्हे तो स्वतःहून चहा आणून दिला, म्हणाली, तुम्ही हात वर केलात म्हणे. खुलासा करणार होतो. चहा गार झाला असता.

आता शांतपणे विचार करता, सर्वांना सामावून घेणे ही मूळ कल्पना माझीच.

१४ जुलै
भिंत गेली. मंडई गच्च भरली. लोक आभार मानतील, संकोच नको म्हणून धुतलेला कोट घालून मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो. ओरडा, धक्के, खवले. कोणी थांबेना. मालू आणि शुक्री एका ओट्यावर, मुलगी मधे टाकलेली. त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो.

शुक्रीने विचारले, काय देऊ?

मी म्हटले, मी टिपणीस. चेअरमन.

ती म्हणाली, बरं. जरा बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.

झालो.