अकरा जणींची यादी

१ नोव्हेंबर, शनि.
फुटबॉल लीगचं वेळापत्रक आलं. पहिली मॅच २३ ला, रविवारी चार वाजता, नेरूळला. म्हणजे हातात तीन आठवडे. आणि आज सरावाला सोळापैकी सात. बाकीच्यांची कारणं ग्रुपवर वाचून घ्यावीत: फराळाने पोट बिघडलं, मावशी आली, स्कूटी पंक्चर. एकीचं 'ताई निघालेच होते'. निघालेच होते म्हणजे अजून अंथरुणात.
सात जणींत फॉर्मेशन काय डोंबल ठरवणार. करंजाड्याचं ते अर्धं मैदान, त्यात कुणीतरी मांडवाचे बांबू टाकून ठेवलेले. ते उचलण्यात अर्धा तास गेला.
नववं वर्ष. कोच मी, कॅप्टन मी, मागे मधोमध स्टॉपर मी, गोलची फाटलेली जाळी शिवणारी पण मीच.

३ नोव्हेंबर, सोम.
फॉर्मेशन ४-४-२. दरवर्षी तेच, यंदाही तेच. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. यात न कळण्यासारखं काय आहे ते मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.
जेवताना मिलिंदने टेबलावर बाटल्यांची झाकणं मांडली आणि मला ३-५-२ समजावून सांगितलं. मागे तीनच ठेव, मध्ये पाच घाल, बॉल तुमच्याकडे राहील. माझ्या या नवऱ्याने शेवटचा फुटबॉल दहावीत खेळलाय, तोही अनवाणी. मी झाकणं उचलून परत बाटल्यांना लावली. लोणच्याचं झाकण मधाला बसलं, आता निघत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळ.
ग्रुपवर विचारलं, कोणाला कुठे खेळायचंय, एका शब्दात लिहा. नको ती लोकशाही. अकरा जणी 'फॉरवर्ड'. दोघी 'फॉरवर्ड किंवा विंग'. एकीने नुसते तीन हसरे चेहरे. सुरेखाचं 'गोलकीपर, अजून कोन हाय का?' सुरेखा म्हणजे करंजाड्याची, टीम आम्ही दोघींनी काढली, मैदान तिच्या गावाचं. यापुढे सु. लिहीन, हात दुखतो.
मागे खेळते असं कुणीही म्हणालं नाही. फक्त सानिका. नेरूळच्या कॉलेजातली, एकोणीस वर्षांची, जूनमध्ये आली. तिचा एक शब्द: 'स्टॉपर'.
स्टॉपर मी आहे. तिला माहीत नसेल.

६ नोव्हेंबर, गुरु.
सानिकाला उजव्या विंगला घातलं. पळते चांगली. पण जागेवर राहील तर शपथ. सारखी मागे, मधोमध. दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा म्हणाली, "सॉरी ताई, तिकडे कोणी नव्हतं."
तिकडे मी असायला हवी होते. बॉलच्या मागे पुढे गेले होते, परतायला वेळ लागला. हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, तू तुझी विंग बघ.
घरी येताना खांदेश्वरच्या सिग्नलपर्यंत चिडचिड. कोणावर ते नक्की नाही.

९ नोव्हेंबर, रवि.
नेरूळच्या एका कॉलेजच्या टीमशी सराव मॅच. पहिल्या हाफमध्ये ०-३.
कारणं:
ऊन डोळ्यावर. मैदान खड्ड्याखड्ड्यांचं. लेफ्ट बॅकवाली फोन वाजला म्हणून साइडलाइनला बघत होती (खरंच बघत होती). मधल्या चौघी एकमेकींना बॉल देतच नाहीत, जणू भांडण आहे.
पोटरी भरून आली म्हणून हाफटाइमला मी बाहेर बसले आणि वैतागून सानिकाला माझ्या जागी टाकलं. वैतागून आणखी एका बॅकला पुढे पाठवलं, मागे फक्त तीन उरल्या. म्हटलं खा आता गोल. दुसरा हाफ १-०, आमच्या बाजूने. सु. ला बॉलला हातही लावावा लागला नाही, गोलमध्ये उभी राहून शेंगा खात होती.
समोरच्या टीमने दुसऱ्या हाफला बदली पोरी उतरवल्या असणार.

१० नोव्हेंबर, सोम.
चौकशी केली. त्याच पोरी होत्या.

११ नोव्हेंबर, मंगळ.
मिलिंदने मॅचचं शूटिंग केलं होतं. ऑफिसात डबा खाताना बघितलं. दुसरा गोल चार वेळा बघितला. त्यांची पोरगी माझ्या शेजारून गेली. मी पळत नव्हते. पळायचा विचार करत होते. मला आठवतंय, त्या वेळी मला वाटत होतं की मी जीव खाऊन पळतेय.
सांगायला नको पण इथे लिहून ठेवते. मी हळू आहे म्हणून बाकीच्या तिघी बॅक पण मागे चिकटून उभ्या राहतात. त्या मागे राहिल्या की मध्ये मोठी मोकळी जागा पडते. मग मी ओरडते, जागा भरा. नऊ वर्षं पोरींना फॉर्मेशन कळत नाही म्हणून ओरडले. त्यांना कळत होतं. त्या मला सांभाळून घेत होत्या.
सानिका स्टॉपर असेल तर मागे तीन पुरतात. मध्ये पाच. ३-५-२.
म्हणजे झाकणं बरोबर होती. हे मिलिंदला सांगण्यापेक्षा मी राजीनामा देईन.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
सु. ला सांगितलं. मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर, ती ग्लोव्हज काढत होती.
"तुजा डोका फिरलाय का गो?"
म्हटलं, पहिल्या अकरात मी नाही. बाहेरून कोचिंग करेन, गरज पडली तर उतरेन.
"ती काल आलेली पोरगी, आनि तू नऊ वर्सांची. लोकं काय बोलतील?"
लोकं म्हणजे कोण, आपली मॅच बघायला येतात तरी किती, असं मी म्हटलं. तर तिने ग्लोव्हज मांडीवर आपटले. मग ग्लोव्हजकडे बघत, "तू बसलीस त मंग माजा नंबर कदी?"
ती एक्केचाळीसची, मी सदतीसची. काहीतरी फालतू बोलले, गोलकीपर पन्नाशीपर्यंत चालतात वगैरे. ती गाडी काढून गेली. संध्याकाळपासून फोन उचलत नाही.
बरं. मी काय हौसेने बसतेय?

१५ नोव्हेंबर, शनि.
यादी केली. स्वतःचं नाव न लिहिता अकरा मोजले. दोनदा चुकले, दोन्ही वेळा दहाच भरल्या, कारण मोजताना मी मलाच धरत होते.
सानिकाला सांगितलं. "ताई, मग तुम्ही?" म्हटलं, मी बाहेरून ओरडेन. ती हसली. साधंच हसली बिचारी. मला आवडलं नाही.
सु. ने यादी घेतली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. उद्या नारळ.

१६ नोव्हेंबर, रवि.
हे सगळं नीट लिहायला हवं, नाहीतर नंतर मी स्वतःलाच वेगळं सांगेन.
नारळ म्हणजे सीझन सुरू होण्याआधीचा. गावातल्या क्रिकेट टीमची रीत, सु. च्या आईने आमच्यासाठी पण चालू केली. मैदानात, गावदेवीकडे तोंड करून नारळ फुटतो. ताटात मोजून अकरा तुकडे. आई एकेक नाव घेते, ती पोरगी पुढे होते, खोबरं खाते. जिने खोबरं खाल्लं ती पहिली मॅच खेळणार. त्यानंतर यादी बदलत नाही. एका वर्षी बदलली होती, आयत्या वेळी घेतलेल्या पोरीचं मनगट मोडलं. ते मैदानातल्या खड्ड्यामुळे मोडलं हे मी शंभर वेळा सांगून झालंय.
आमच्यात नारळबिरळ नाही. बाबांनी परभणी सोडली तेव्हाच हे सगळं सोडलं. पण पहिल्या वर्षीच ठरलं होतं, नारळ त्यांचा, यादी माझी. मी हात जोडत नाही, कोणी जोडायला सांगत नाही, खोबरं खाते. नऊ वर्षांत यावरून एकही वाद नाही.
आईला वाचता येत नाही. सु. आदल्या दिवशी यादी वाचून दाखवते, आई पाठ करते. पाठांतर पक्कं, आडनावांसकट.
तर आज. सगळ्या ओळीत. मी बाजूला उभी, शिट्टी गळ्यात. आईने पहिला तुकडा उचलला आणि म्हणाली, "प्रज्ञा."
दरवर्षी पहिलं नाव माझंच असतं. जिभेला सवय.
मी काय करायला हवं होतं? आई, मी नाही यंदा, एवढंच. हसून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी पुढे झाले. हात पुढे केला. तोंडात टाकलं. चावलं. मग लक्षात आलं, असं मी आत्ता लिहिणार होते. खोटं आहे. हात पुढे करतानाच लक्षात आलं होतं.
पुढची दहा नावं यादीप्रमाणे. दहावं झालं आणि ताट रिकामं. सानिकाचं नाव यादीत शेवटी होतं. आईने ओठांत नाव आणलं, ताटाकडे बघितलं, आणि पदराने ताट पुसलं. सानिका एक पाऊल पुढे आलेली होती. ती मागे गेली.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळ.
ग्रुपवर सन्नाटा. एरवी गुड मॉर्निंगची फुलं टाकून हैराण करतात.
सु. ला स्पष्ट विचारलं, तू आईला काय वाचून दाखवलंस? ती उसळली. देवीची शपथ घेतली, आईची घेतली, स्वतःच्या पोरांची घ्यायला लागली तेव्हा मीच थांबवलं. विश्वास ठेवते. पण खूश आहे हे लपवत नाही. "बोलला ना आता आईनं. खेळ गुपचूप."
मिलिंद म्हणतो, मग तिथेच बोलायचं होतंस. त्याला म्हटलं, तू झाकणं बघ.
सानिका सरावाला आली, वेळेच्या आधी. विंगला उभी राहिली. मागे आली नाही. बॉल माझ्या बाजूने दोनदा आरपार गेला तरी आली नाही. मीच सांगितलं होतं ना, तू तुझी विंग बघ.
बाकीच्या म्हणतात, ताई, नारळानंतर बदलायचं नाही हां, मनगट आठवतंय ना. मी मानत नाही. पण कोणी म्हटलं की मी वादही घालत नाही. एरवी घातला असता.

२० नोव्हेंबर, गुरु.
ऑफिसातून हाफ डे टाकून करंजाड्याला गेले. आई खाली ओट्यावर, भाडेकरूंच्या चपलांच्या ढिगाशेजारी, बोंबील निवडत होती. मी सगळं सांगितलं. यादीत मी नव्हते, सानिका होती, तुमच्याकडून माझं नाव घेतलं गेलं, आता तुम्हीच मुलींना सांगा की चूक झाली, म्हणजे त्या ऐकतील.
तिने पुरं ऐकून घेतलं. बोंबलाची डोकी काढत होती.
"असल. माजाच चुकला असल. तुजा नाव नाय घेतला त मना सुरवातच जमत नाय." मग वर बघितलं. "पन खोबरा तुजे हातानं तूच खाल्लास ना गो?"
रागाने नाही. खरंच विचारत होती.
मी हो म्हटलं.
"मंग मना कशाला पुडं करतेस?"
चहा झाला. निघताना बोंबील बांधून दिले. स्कूटीवर रडले, हेल्मेटमध्ये, नाक पुसता येईना.
मला खेळायचंय. नऊ वर्षं संघासाठी, मुलींसाठी म्हणत आले. मला स्वतःला खेळायचंय आणि मी आता चांगली खेळत नाही. यात फॉर्मेशन कुठेच नाही.

२२ नोव्हेंबर, शनि.
सराव हलका. मी कोणावर ओरडले नाही तर दोघींनी विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना. वैताग.
सु. म्हणाली, आई उद्या नेरूळला येनार हाय मॅच बगायला. नऊ वर्षांत कधी आली नाही.
ठरवलंय. उद्या सानिका. ३-५-२. मुलींना मीच सांगेन, आईचं नाव न घेता.

२३ नोव्हेंबर, रवि., नेरूळ, मैदानावर
साडेतीनला यादी टेबलावर द्यायची.
मुलींना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सानिका बाजूला घेऊन गेली. घाईघाईने, पाठ करून आल्यासारखी: "ताई, तुम्ही खेळा. मला खरंच चालेल. आजींनी नाव घेतलंय, उगाच सगळ्यांना टेन्शन नको. मी बेंचवर बसते." शिनगार्ड घालून आली होती. ते सांगताना काढायला लागली.
आणि मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. एकोणीस वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी जागा सोडली आणि मला बरं वाटलं. लाज त्यानंतर आली, बऱ्याच वेळाने.
तिला म्हटलं, शिनगार्ड राहू दे पायात. का ते सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. माझेही बूट बांधलेले आहेत. सु. गोलमधून बघतेय. आई छत्री घेऊन पहिल्या पायरीवर, तीही बघतेय.
यादीत दहा नावं लिहिली. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, अकरावी कोण?" म्हटलं, पाच मिनिटं द्या. आणि ही वही काढून बसले. त्यातली तीन लिहिण्यात गेली.